आत्याची गाडी तिरकी चालते

आमच्या आत्याला भीती म्हणून ठाऊक नाही. जी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी निवांत बसते, ती आणखी कशाला घाबरणार? आत्याचा ड्रायव्हिंग क्लास आहे. क्लास म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, फोन उचलायला मी आणि एक गाडी. गाडीत आत्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच. या दोन पेडलांच्या जोरावर तिने निम्म्या गावाला गाडी शिकवली आहे. पहिल्या दिवशी थरथरत येणाऱ्या बायका महिन्याभरात तिच्याशीच हुज्जत घालायला लागतात आणि ते तिला मनापासून आवडतं.

“सोड, क्लच सोड! अगं हळू! त्याच्याशी काय भांडण आहे का तुझं?” हे वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडतं, की मी झोपेतही तोंडपाठ म्हणून दाखवीन.

खोलीच्या मागच्या अंगाला आतोबांचं वर्कशॉप आहे. आतोबा डेंटिंगचं काम करतात. चेपलेला पत्रा आतून ठोकून असा सरळ करतात, की गाडी कुठे चेपली होती हे मालकालाच सांगता येत नाही. पुटी थापून खड्डे बुजवणाऱ्यांचा त्यांना भारी राग. बोलायचं काम आत्याचं, त्यामुळे आतोबांच्या वाट्याला फारसं येत नाही, आणि त्यांची त्याला हरकतही नसते. शिकाऊ मंडळींनी दिवसभर गाडी कुठेतरी घासायची आणि सकाळी आत्या यायच्या आत आतोबांनी तो डाग नाहीसा करायचा. “काल इथे पोचा होता ना गं?” असं आत्या मला विचारायची आणि मी म्हणायची, “कुठे?” आतोबा तिकडे पाठ करून हसत असायचे. त्यांच्या संसारात गुलाबाची फुलं वगैरे कधी आली नाहीत. हेच होतं.

त्या दिवशी आत्या एका शिकाऊ बाईंना घेऊन चहाच्या टपरीवर उभी होती आणि गाडी उताराच्या कडेला लावलेली होती. वरून विटांचा ट्रक आला. त्याचे ब्रेक गेले होते. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून “बाजूला व्हा, बाजूला व्हा!” असं ओरडत होता. माणसं झाली बाजूला, गाडी कशी होणार? ट्रकने तिला मागून उचलली आणि दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आत्याच्या हातातला कप मात्र तसाच राहिला होता. मी धावत पोचले तेव्हा ती गाडीभोवती फिरत होती. शेवटी म्हणाली, “गेली गं. पण विमा पुरा आहे. दुसरी घेऊ.”

विमा कंपनीला तिने तिथूनच फोन केला. त्यांनी सांगितलं, नुकसान तपासायला सर्वेअर येईपर्यंत गाडी आहे तशी ठेवा. “आहे तशी म्हणजे आहे तशीच,” असं आत्याने मला बजावलं. गाडी ओढून आतोबांच्या वर्कशॉपमध्ये आणली, ताडपत्री टाकली आणि आत्या ताप येऊन अंथरुणाला खिळली. धक्का जरा उशिराच बसला तिला.

आता चूक माझी म्हणाल तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. मागे ठोकाठोक चालू होती, हे खरं. पण तिथे ठोकाठोक कधी नसते? डेंटिंगच्या दुकानात शांतता असेल तर काळजी करायची.

सर्वेअरबाई आल्या त्या सकाळी आत्याचा ताप उतरला होता. खांद्यावर बॅग, हातात जाडजूड टॉर्च आणि चेहऱ्यावर, आज अजून चार ठिकाणी जायचंय, असा भाव. आत्या पुढे, बाई मागे, मी त्यांच्या मागे. आतोबांनी ताडपत्री ओढली.

गाडी चकाकत होती.

मागची बाजू सरळ. छप्पर सरळ. बॉनेटवर बाईंचा चेहरा दिसत होता. फुटलेले दिवे, बंपर आणि एक दरवाजा सोडला तर गाडी शोरूममधून आणल्यासारखी. आतोबा फडक्याला हात पुसत उभे होते, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला रडावं की हसावं ते कळेना. बायको आजारी आहे, तर तिला बरं वाटावं म्हणून काय करायचं? या माणसाला एकच गोष्ट येत होती, ती त्याने जीव ओतून केली होती.

“टोटल लॉसचा, म्हणजे गाडी पार निकामी झाल्याचा, क्लेम याच गाडीचा आहे ना?” बाईंनी विचारलं.

आत्याच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा! बाईंनी पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. पुटी असती तर ते बोललं असतं. पण पुटी होती कुठे? त्यांनी पटापट फोटो काढले, दिवे-बंपर-दरवाजा असं टिपून घेतलं आणि त्या गेल्या. आठवड्याभरात कंपनीचं उत्तर आलं. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, दुरुस्तीचे एवढे एवढे मिळतील. तेवढ्यात आत्याला नव्या गाडीचे टायर आले असते, फार तर.

“दिवे बसवू आणि हीच चालवू,” आतोबा हळूच म्हणाले.

आत्याने त्यांना स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः आपल्या जागेवर बसली आणि मला मागे कोंबलं. मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली.

“सरळ चालवा.”

“सरळच चालवतोय.”

“मग गाडीचं तोंड भिंतीकडे का?”

गाडी पुढे जात होती, पण अंग चोरून, तिरकी. ब्रेक दाबला तर शेपूट बाहेर. आत्याने दोन्ही पेडलांवर पाय ठेवून गाडी थांबवली आणि खाली उतरली.

“चासी वाकली आहे, खालचा सांगाडाच,” आतोबा खाली बघत म्हणाले. “पत्रा आला हाताला, ती नाही आली. मला वाटलं, चालून जाईल.”

त्यानंतर आत्या त्यांच्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, कपडे द्यायची, पण शब्द नाही. आत्याचं न बोलणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. त्यापेक्षा भांडी आपटलेली बरी!

इकडे क्लास बंद. फोन वाजत होते आणि मी थापा मारत होते. मोठ्या चौकातल्या दुसऱ्या क्लासच्या मालकाने निरोप पाठवला, ताईंना म्हणावं माझ्याकडे पगारावर या. तो निरोप आत्याच्या जिव्हारी लागला. आणि सल्ले तर काय, फुकट मिळतात. जो तो सांगायचा, कंपनीकडून मिळतंय ते घ्या, गाडी झकास दिसतेय, एखाद्याच्या गळ्यात मारा, वर थोडी भर घालून दुसरी घ्या.

“आणि त्याने त्यात आपली लेकरं बसवायची?” आत्या कडाडली. “मी माणसांना ब्रेक शिकवते आणि ब्रेक दाबल्यावर फिरणारी गाडी विकू? जमणार नाही!”

मग एकच वाट उरली. पुन्हा तपासणी मागायची आणि खरं सांगायचं. पण खरं काय होतं? सांगितलेलं असताना गाडीला हात लावला. नियमाप्रमाणे एवढ्यावरून कंपनी अख्खा क्लेम फेटाळू शकत होती. गप्प बसलो तर थोडेतरी मिळत होते, बोललो तर कदाचित काहीच नाही. मी म्हटलं, “आत्या, विचार कर.” ती म्हणाली, “केला.” आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसली. सर्वेअरबाई बाहेरून येईपर्यंत हलली नाही. त्यांच्यापुढे हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, गाडी दिसते तशी नाही. एकदा चालताना बघा.”

बाई आल्या. मनात नसताना आल्या, हे दिसतच होतं. वर्कशॉपच्या अंगणात आम्ही उभे होतो. आत्या बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतोबा पुढे झाले. मी त्यांना अनोळखी माणसासमोर स्वतःहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“मॅडम, ही गाडी मागून पार आत गेली होती. मी ठोकून काढली. हिला माहीत नव्हतं, ही तापात होती. काय ती शिक्षा मला करा, पण हिच्या गाडीला चांगली म्हणू नका. वरून दिसतंय ती नुसती माझी हातसफाई आहे. आत काही राहिलेलं नाही.”

हे तो माणूस बोलत होता, ज्याला आयुष्यभर एकच अभिमान होता, की आपलं काम कुणाला दिसत नाही! आत्या मात्र समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

बाईंनी बॅग खाली ठेवली. “तुम्ही हात लावलात हे मला लिहावंच लागेल,” त्या म्हणाल्या. “पण का लावलात, तेही लिहीन. इथे पाणी मिळेल?”

मला वाटलं, प्यायला. मी पेला घेऊन धावले, तर त्या हसल्या. “बादली आणा, बादली!” त्यांनी चारही चाकांवर पाणी ओतायला लावलं, स्टिअरिंग आत्याकडे दिलं आणि आम्हाला कोरड्या फरशीवर गाडी ढकलायला सांगितली. आतोबा, मी आणि पदर खोचून स्वतः बाई. “नाकासमोर जाऊ द्या!” त्या ओरडत होत्या. “तिला वळू देऊ नका!” आम्ही घामाघूम झालो. गाडी अंगणाच्या टोकाला थांबली आणि सगळे मागे वळून बघायला लागलो.

मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जातं. धड गाडीच्या ओल्या खुणा दोनच दिसतात. आमच्या अंगणात चार होत्या! एका बाजूला मागचं चाक वीतभर बाहेर, दुसऱ्या बाजूला तेवढंच आत. आंधळ्यालाही कळावं इतकं स्पष्ट.

“फोटो!” बाई किंचाळल्या. “सुकायच्या आत फोटो!” त्या धावत, वाकत, जवळजवळ आडव्या पडत फोटो काढत होत्या आणि मी खुणांवर ऊन येऊ नये म्हणून ताडपत्री धरून त्यांच्यामागे पळत होते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. शेवटी बाई उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, “टोटल लॉस. आता याला कोण नाही म्हणतं ते मी बघते.”

ट्रकचा धक्का किती होता, हे टपरीवाल्याने लिहून दिलं, पडलेल्या खांबानेही साक्ष दिलीच. तपासणीआधी हात लावल्याबद्दल कंपनीने थोडी रक्कम कापली, आणि ते आत्याने मान्य केलं. पण पहिला आकडा आला तेव्हा मात्र तिच्यातली मास्तरीण जागी झाली. आकडा साध्या गाडीचा होता. तिने दुसऱ्या ब्रेक-क्लचचा वेगळा हप्ता दरवर्षी भरला होता, तो धरलाच नव्हता. शिवाय शिकाऊ माणसांच्या हातातली गाडी म्हणून ‘बॉडी खराब’ असं समजून पैसे कमी केले होते. “खराब?” आत्या फोनवर गरजली. “अपघाताच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीवर एक ओरखडा दाखवा! माझ्या घरी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?” हे ती आतोबांसमोर बोलली. त्यांच्याशी नाही, पण त्यांच्यासमोर. तशाच गाड्या बाजारात केवढ्याला जातायत याच्या जाहिराती तिने पाठवल्या, बाईंनी जुने शिकाऊ गाठून विचारपूस केली, आणि दुसरा आकडा आला. तो बघून आत्या खुर्चीतून ताडकन उठली आणि तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. नवी नाही, पण चांगली गाडी येणार होती, दोन्ही पेडलांसकट. क्लास वाचला होता!

गाडी आता कंपनीच्या ताब्यात जायची होती. ती नेण्याआधी भंगाराच्या लिलावातला एक व्यापारी बाईंबरोबर बघायला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि शीळ घातली. “अहो, ही कापायची कशाला? दिवे लावले की लगेच गिऱ्हाईक आहे. घरगुती माणूस डोळे झाकून घेईल.”

बाईंचा चेहरा उतरला. “मी रिपोर्टात ‘फक्त भंगार’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या. व्यापारी नुसता हसला. कागदावर काय लिहिलंय, हे रस्त्यावर कोण वाचतं?

आतोबा सगळं ऐकत होते. त्यांनी बाईंना विचारलं, “चासी उघडी दिसायला पाहिजे ना तुम्हाला? म्हणजे कुणी फसणार नाही?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पत्रा काढून दाखवलात तर बरंच होईल. मीच सांगितलं असं लिहिते.”

आतोबांनी सगळ्यांत मोठा हातोडा उचलला. पहिला घाव बॉनेटवर बसला, जिथे बाईंचा चेहरा दिसला होता तिथे. मग मागची बाजू, मग छप्पर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात थांबत नव्हते. व्यापारी “अहो, अहो” करत मागे सरकला. पत्र्याच्या ज्या वळणावर त्यांनी दिवसच्या दिवस घालवले होते, ते एका घावात आत जात होतं. शेवटी ते धापा टाकत थांबले. आता त्या गाडीत कुणी आपलं पोर बसवलं नसतं.

आत्या खोलीच्या दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलंच नाही. ती अंगणात उतरली, आतोबांच्या शेजारी गेली आणि इतक्या दिवसांनी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

“अहो, माझ्या बाजूचा दरवाजा राहिला.”

आणि दुसरा हातोडा तिने स्वतः उचलला.