उंबऱ्याबाहेरच्या स्लीपर

जरा जवळ सरक गं मुक्ता. आणि उभ्या उभ्या वाचू नकोस, बस आधी. उभ्यानं सगळं उरकायची ही खोड तुझ्या आईची. दीड महिना झाला तिला जाऊन. तेराव्यानंतर तू जी पुण्याला गेलीस, ती फोनवरच भेटतेस. "मोठी आई, जेवलीस का?" जेवले गं. पण जे सांगायचंय ते फोनवर तोंडातून निघत नाही, म्हणून पेपरच्या पुरवणीला लिहून पाठवतेय. विजू, तुझी आई, माझी धाकटी जाऊ. तिच्याशी मी कशी वागले ते चार लोकांनी वाचलेलंच बरं.

त्या दुपारी मी एमपी नगरच्या बाजारात चष्मा आणायला गेले होते. तिथेच भावजींचा फोन आला, "वहिनी, विजू उठत नाहीये..." जेवून आडवी झाली होती, झोपेतच हृदय थांबलं. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझी नजर गेली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे. तिच्या स्लीपर तिथे होत्या. जोडीनं, तोंड आतल्या बाजूला करून.

त्या स्लीपरची गोष्ट टाउनशिपमधली. दोघे भाऊ एकाच सरकारी कारखान्यात, क्वार्टर शेजारी शेजारी, पण चूल एकच, माझ्याकडची. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत पहिल्या पाळीचा डबा, मग शाळेचे डबे, मग दुसऱ्या पाळीचं जेवण. विजू ओट्याशी उभी असायची, अनवाणी, सिमेंटच्या गार फरशीवर. देव स्वयंपाकघरातच होते, त्यामुळे आत चप्पल हा विषयच नव्हता. हळूहळू तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं, अंगठा तिरका होऊन शेजारच्या बोटावर रेलला. मी हळदीचा लेप दिला. तिनं बोटांत कापसाची वळकटी धरून पाहिली, रुंद तोंडाच्या चपला घेतल्या, बर्फानं शेकलं. पाय तसाच ठणकायचा.

शेवटी मीच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, हेही लिहिते. सगळंच काही वाईट नाही केलं मी. ते म्हणाले, आधी चपलेत बसवायची पायाच्या मापाची गादी बनवून घ्या, नाहीच जमलं तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हणताच विजू हसली, "दीड महिना मी पाय वर करून बसले तर वहिनी तुम्हाला एकटीला खाऊन टाकतील हे लोक!" गादी बनवणाऱ्यानं मऊ फोमच्या खोक्यात तिचे पाय दाबून ठसा घेतला. ठशातला तो वाकडा अंगठा बघून ती म्हणाली, "बघा, गौरीची पावलं! फक्त गौर जरा रस्ता चुकलीय." तो भला माणूस म्हणाला, "माताजी, इससे हड्डी सीधी नहीं होगी, दर्द कम होगा. लेकिन दिनभर पहनना है. बाज़ार में कम, घर में ज़्यादा."

गाद्या आल्या. तिनं नव्या स्लीपर आणल्या, त्यात त्या बसवल्या आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. "वहिनी, ह्या बाहेर घालणारच नाही. धुऊन आणल्यात. आत घातल्या तर चालतील?"

मी पोळी उलटत होते. मान वर न करता म्हटलं, "देव आहेत आत."

बस्स, एवढंच. पुन्हा तिनं विचारलं नाही.

पुढे दोघे निवृत्त झाले, इथे शाहपुऱ्यात घर बांधलं. चूल एकच राहिली, उंबरा नवा आला, नियम जुनाच. आणि मग माझी टाच धरली. सकाळी पाय टेकवेना. मुलानं मऊ स्लीपर आणल्या आणि एका सकाळी मी त्या घालून सरळ ओट्यापाशी गेले... विजू कणीक मळत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग वाटेतला पाट पायानंच बाजूला सरकवला, मला ठेच लागू नये म्हणून. स्वतःच्या उघड्या, दुखऱ्या पायानं.

'तूही घाल.' दोनच शब्द होते गं. माझा मोठेपणा आडवा आला. आज म्हणू, उद्या म्हणू, करत चार वर्षं गेली. देव काही बोलले नाहीत, ना मला, ना तिला.

डॉक्टर म्हणाले, पायाचा आणि हृदयाचा काही संबंध नाही. नसेल. पण परवा मी त्या गाद्या काढून पाहिल्या. टाचेपाशी जेमतेम घासलेल्या. इतक्या वर्षांत खोलीपासून उंबऱ्यापर्यंतच्या चार पावलांपुरत्या वापरलेल्या. तिच्या पावलाचा खळगा तेवढा तसाच. मी त्यात हात ठेवला... माझा हात बसेना.

चार वाजता चहा टाकते तेव्हा मागे पाऊल वाजतं. एक टप्प, एक घसटत, कडेवर टेकलेलं. मी न वळता म्हणते, "आलं किस गं." मग पाणी उकळत राहतं.

त्या स्लीपर मी आता आत ओट्यापाशी ठेवल्यात. आणि मुक्ता, गेल्या वेळी तू पाय चेपत बसली होतीस, तेव्हा तुझा अंगठा मी पाहिलाय. लपवू नकोस, पाय तुझ्या आईचेच आहेत. माप देऊन ये, गाद्या करून घे. आणि ये बाई लवकर. दारात चपला काढत थांबू नकोस, तशीच आत ये. मी ओट्याशी आहे.