एका बेसवर दोघं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्याला परत पाठवा, असं मीच लिहून दिलं होतं.

मंदीचं वर्ष होतं. जर्मनीत, गेर्लिंगेनच्या ऑफिसात पुण्याहून आलेले आम्ही दोघंच. मी चाळिशीला टेकलेला, तो माझ्या हाताखालचा, मूळचा सोलापूरचा. प्रोजेक्टवर यापुढे एकच माणूस राहणार होता. साहेबांनी माझं मत विचारलं. मी ईमेलमध्ये लिहिलं, त्याचं जर्मन कच्चं आहे, क्लायंटसमोर अडतो. खरं तर माझ्या घरमालकाशी जर्मनमध्ये बोलून मला घर मिळवून दिलं होतं ते त्यानेच.

ईमेल शुक्रवारी गेला. रविवारी बेसबॉल बघायला जायचं आमचं आधीच ठरलं होतं. टाळायला कारण सुचलं नाही.

स्टेडियम वगैरे नव्हतं. गावाबाहेरचं मैदान, जाळीमागे लाकडी बाक, आणि सॉसेज भाजणारे क्लबचे एक आजोबा. माझा सोबती शाकाहारी, त्यामुळे त्याच्या डब्यात दशम्या आणि शेंगाचटणी. दोघांपुरती आणली होती.

एकाने चेंडू मारला. जवळच पडला. मी क्रिकेटच्या सवयीने ओरडलो, "नो, नो."

तो हसला. "सर, इथे नो नसतं. मारला की पळायचंच."

"आणि तो पलीकडचा? तो निवांत उभा होता, तो का पळाला?"

"मागचा आला ना. एका बेसवर, त्या पांढऱ्या उशीवर, दोघं चालत नाहीत. पुढच्याला जागा सोडावीच लागते. गेनाऊ, अगदी आपल्या ऑफिससारखं."

मी दशमी मोडत राहिलो. थोड्या वेळाने मैदानावरची नजर न काढता त्याने विचारलं, "सर, कोण राहणार, तुम्हाला काही कळलंय का? बायको-मुलीचा व्हिसा आलाय. ती विचारते, तिकिटं काढू का."

थांब म्हणालो असतो, तर का, तेही सांगावं लागलं असतं.

"काढ की," मी म्हणालो.

खेळ तीन तास चालला. कोण जिंकलं ते आठवत नाही.

त्या दोघी आल्या. मुलीचे बालवाडीचे कागद भरून तयार होते. चौथ्या दिवशी त्याला साहेबांनी बोलावलं. महिन्याभरात ते तिघंही परत गेले. निघताना तो वाकून माझ्या पाया पडला. "तुम्ही माझ्यासाठी बोलला असाल, सर. नाही जमलं, ठीक आहे." बायको मुलीला घेऊन मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला कळलं असेल का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

प्रोजेक्ट पुढे दीड वर्षात बंद पडला. मला दुसऱ्या विभागात घेतलं. मी इथेच आहे.

दर दिवाळीला त्याचा मेसेज येतो. अजून 'सर'च म्हणतो. मी उलट शुभेच्छा पाठवतो, एवढंच.

तो ईमेल मी लिहिला होता, आणि तिकिटं काढ म्हणालो तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे त्याला माझ्या तोंडून सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.