मी पुसलेली जागा

"दोनदा पूस. फिनेल टाक. आणि तूच पूस, तुला त्या वासाची सवय आहे."

मॅम असं म्हणाल्या आणि मी पुसलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना मी स्वतःला फार शूर दाखवीन.

नेरूळचा मॅमचा डान्स स्टुडिओ. लाकडी फ्लोअर, भिंतभर आरसे. तिथेच मी कंटेम्पररी शिकले, पुढे तिथेच लहान मुलींना शिकवायला लागले. त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःचा नाच बसवत होते. नाच कसला, माझी आईच होती ती. आई दिवाळे गावची कोळीण. बाजारात पाटावर बसते. एक गुडघा वर, भार टाचेवर, आणि न उठता कंबरेतून वळून मागच्या पाटीतले मासे काढते. तास न् तास. मॅमना ते भलतंच आवडलं. म्हणाल्या, "आईलाच घेऊन ये. मुलींना ओरिजिनल बघू दे."

आई आली. ठेवणीतलं लुगडं, अबोलीचा गजरा. खालच्या नळावर पाय धुऊन वर आली. वाकून फ्लोअरला हात लावला, कपाळाला लावला. बाजारात जागेवर बसण्याआधी ती रोज हेच करते. नाचण्याआधी आम्हीही हेच करतो. पण त्या दिवशी ते कुणाला दिसलं नाही.

ती मधोमध बसली. मुली भोवती बसून तिची नक्कल करायला लागल्या. दोघी हसल्या. एकीने ओढणी नाकाला लावली. आईने पाहिलं. तरी शिकवत राहिली. "टाचेवर बस गो, नाय तं कंबर जाईल."

ती गेली, आणि मॅमनी मला बादली दाखवली. आई बसली होती तिथेच मी गुडघ्यांवर बसून फडका फिरवत होते. तेवढ्यात दार उघडलं. आईच होती. मॅमसाठी घरून सोलून आणलेली कोळंबी द्यायची राहिली होती. डबा हातात होता. तिने बादली पाहिली. मग मला पाहिलं. डबा पदराखाली घेतला.

"पूस," ती म्हणाली. "वलं ठेवू नको, कोनतरी पडंल."

आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या तालमीला मॅम म्हणाल्या, "आई बसली होती तशी बस."

"नाही बसणार."

"का?"

"फ्लोअर परत पुसावा लागेल."

त्या म्हणाल्या, "वास येत होता, एवढंच. किती मनाला लावून घेतेस." मी बॅग उचलली. शो माझ्याविना झाला. नाच माझा, पत्रकावर नाव मॅमचं.

आता मी गावातच शिकवते. बाजारातून थेट आलेल्या मुली असतात, हात न धुतलेल्याही. आमचं घर वर्गापासून पाच घरं सोडून आहे, पण आई आजवर वर्गात आलेली नाही. मी माफी मागितली तर म्हणते, "कसली गो माफी? काय झालंच नाय."

तो नाच मी करते. सुरू करण्याआधी प्रेक्षकांना सांगते, "ही बैठक माझ्या आईची आहे. तिची जागा फिनेलने पुसली गेली. पुसणारी मी होते." आयोजक म्हणतात, एवढं गाळा, लोक अवघडतात.

मी गाळत नाही. जिथे हे बोलू देत नाहीत, तिथे मी नाचत नाही.