इरजिकीचा पहिला पेला

काल भोरच्या एसटीत शेजारच्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या पासलीला, आमच्या खाचराच्या बांधावर पोचले.

इरजिकीला आलेल्या गावानं दिवसभर आमची भातलावणी केली होती. बदल्यात मटण आणि दारू. पहिला पेला रिवाजानं घरधन्याचा, म्हणजे वडिलांचा. पण येशूला मानायला लागल्यापासून त्यांनी दारू सोडली होती. त्याला जेमतेम महिना झालेला.

“म्या आता घेत न्हाई,” ते म्हणाले.

“मग फुडल्या साली लावणीला तुजा येशू येनार व्हय?” थोरले चुलते गरजले.

सगळ्यांचे घास थांबले. वडिलांनी पेला परत सरकवला.

“कुनी न्हाई आलं, तर एकटा लावीन.”

मी भेदरून देवाला विनवत होते, एकच घोट घेऊ दे त्यांना. त्यानं माझं ऐकलं नाही, म्हणून आईच्या पाठीवर पुन्हा कधी वळ उठला नाही.