वीस मिनिटांत सुकेळी

माझ्याकडे सुकेळी करण्यात प्रावीण्य मिळवल्याचं प्रमाणपत्र आहे. दहापैकी दहा गुण. ते मला मोबाइलमधल्या चॅटबॉटने दिलं, आणि द्यावं असं त्याला मीच सांगितलं होतं.

सुकेळी म्हणजे आमच्या वसईकडची उन्हात सुकवलेली राजेळी केळी. बाहेरून काळपट, आतून मधाळ, वर केळीच्या सुक्या पानाची बांधणी. आमच्या घरात मुलगी सासरी निघाली की तिच्या शिदोरीत घरची सुकेळी द्यायची पद्धत आहे. आजवर सगळ्या मुलींची सुकेळी सोनीआत्याने केली. सोनीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, वाडीतल्या घरात एकटी राहते. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, केतकीचं, लग्न मे महिन्यात करायचं ठरलं आणि मार्च उजाडताच आत्याचा फोन आला.

"बाळू, केतकीसाठी तीन घड राखून ठेवलेत. पन माझे हात आता थरथरतात रे. तू आठ दिवस रजा काढ. माझ्यापाशी बस. मी सांगते, तू कर. एकदाचं शिकून घे."

"आठ दिवस?" मी म्हणालो. "आत्या, केळी तर वाळवायचीत. त्याला आठ दिवस काय शिकायचं?"

"तू ये तर," आत्या म्हणाली.

आता माझी तेव्हाची अवस्था सांगितली पाहिजे. मी वालीवला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे आणि त्या दिवसांत मला शिकण्याचा नाद लागला होता. म्हणजे चॅटबॉटला नेमकं काय विचारलं की कुठलाही विषय झटपट डोक्यात शिरतो, याचा नाद. आधी त्याला सांगायचं, तू या विषयातला थोर तज्ज्ञ आहेस. मग सांगायचं, मी अगदी ढ आहे. मग सांगायचं, महत्त्वाचं तेवढंच शिकव आणि शेवटी माझी परीक्षा घे. (यातलं फक्त दुसरं विधान खरं होतं, हे मला पुढे कळलं.) या पद्धतीने मी एका आठवड्यात ज्वालामुखी, मधमाश्या आणि मोगलांची करपद्धत हे विषय संपवले होते. माझी बायको शुभांगी म्हणायची, "अहो, ज्वालामुखी राहू दे, गीझर का बंद पडलाय ते विचारा त्याला." तिच्यात जिज्ञासाच नाही, असं माझं मत होतं.

तर मी चहा पिता पिता सुकेळी शिकायला घेतली. चॅटबॉटने बरंच लांबलचक लिहिलं. मी म्हटलं, फालतू तपशील वगळ. त्याने अर्धं केलं. मी म्हटलं, अजून कमी कर, सात ओळींत बसव. बिचारा आज्ञाधारक, त्याने सात ओळींत बसवलं. दर वेळी शेवटी एक वाक्य मात्र तो चिकटवायचा: 'शक्य असल्यास घरातल्या अनुभवी व्यक्तीला विचारा.' तिसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा मी चिडून लिहिलं, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. त्यानंतर त्याने ते कधीच लिहिलं नाही.

मग परीक्षा झाली, दहापैकी दहा पडले, प्रमाणपत्र मिळालं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. चहासुद्धा अजून कोमट होता.

रविवारी मी रिक्षा घेऊन वाडीत गेलो. आत्याने पडवीत माझ्यासाठी पाट मांडून ठेवला होता. शेजारी चटई, सुक्या पानांची चळत, पाण्याचा तांब्या. आठ दिवसांची बैठकच होती ती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "आत्या, घड दे. मी घरीच करतो. तुला कशाला त्रास?"

"तुला येतं?"

"शिकलो. एक सांग, केळ्यातला ओलावा तू किती टक्क्यांवर आणतेस?"

"टक्के मला नाय म्हाईत. बोटाला कळतं."

मी समजूतदारपणे हसलो. (ते हसू आठवलं की आजही मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.) आत्याने घड रिक्षात ठेवायला लावले आणि पाट उचलून आत नेला.

बोळिंजच्या आमच्या सोसायटीची गच्ची प्रशस्त आहे. सात ओळींत लिहिलं होतं, 'स्वच्छ पृष्ठभागावर भरपूर उन्हात ठेवा.' गच्चीवर सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत कडक उन्हातला पृष्ठभाग म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा पत्रा. तिथे मी दीडशे केळी सोलून ओळीने मांडली. दुसऱ्या दिवशी ती पत्र्याला अशी चिकटली की मला उलथनं आणायला घरी जावं लागलं.

"चांगलं उलथनं नेऊ नका," शुभांगी म्हणाली. "आणि आत्यांना एक फोन करा."

"ती काय सांगणार? तिला टक्के माहीत नाहीत."

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. मी चॅटबॉटला मुंग्यांवर उपाय विचारला. त्याने लिहिलं, प्लास्टिकने झाका. (मी 'एका ओळीत सांग' असं म्हटलं होतं.) प्लास्टिकखाली केळ्यांना घाम फुटला. चौथ्या दिवशी मधमाश्या आल्या. मधमाश्या हा विषय माझा झालेला होता, त्यामुळे मी न घाबरता पुढे गेलो आणि डावा डोळा सुजवून खाली आलो. पाचव्या दिवशी केळ्यांचा पाक पत्र्यावरून ओघळला, टाकीवरून उतरला, गच्चीच्या कडेने खाली गेला आणि सेक्रेटरींच्या खिडकीत वाळत घातलेल्या पाच पांढऱ्या सदऱ्यांवर पडला.

सेक्रेटरी एका हातात सदरा घेऊन दारात उभे राहिले. माझा सुजलेला डोळा बघून त्यांचा राग अर्धा उतरला.

"काय चाललंय वर?"

"सुकेळी करतोय. मुलीच्या शिदोरीसाठी."

"मी वसईचाच आहे हो," ते म्हणाले. "माझ्या आजीकडे संध्याकाळ झाली की केळी गोळा करून सुक्या पानांत झाकून ठेवायचे. तुम्ही रोज गोळा करत होतात की नाही?"

मी मोबाइल काढून सात ओळी पुन्हा वाचल्या. गोळा करणं त्यात नव्हतं. मग वर सरकत सरकत अगदी पहिलं, लांबलचक उत्तर काढलं. त्यात होतं. गोळा करणं होतं, झाकणं होतं, तापलेला पत्रा टाळा असंही होतं. मीच ते फालतू म्हणून वगळायला लावलं होतं.

एका डब्यात उरलीसुरली केळी भरून मी वाडीत गेलो. बाहेरून खडे, आतून आंबूस. आत्याने एक उचललं, अंगठ्याने दाबलं, नाकाशी धरलं आणि परत ठेवलं.

"कोनी शिकवलं?"

मी मोबाइल दाखवला. तिने तो उलटापालटा करून बघितला.

"यानं कधी खाल्लीत?"

"नाही."

"मग त्याच्यावर कशाला रागवायचं," ती म्हणाली. मोबाइल मला परत देत म्हणाली, "मला विचारायचंस रे."

"तुला त्रास नको म्हणून, आत्या."

"मला त्रासच हवा होता. आठ दिवस कोन तरी शेजारी बसलं असतं."

मी डब्याचं झाकण लावलं. राजेळीचे तेवढेच घड होते, दुसरे तयार व्हायला लग्न उलटून गेलं असतं.

शेवटी शिदोरीला विकतचं पाकीट आणलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या आली, पाकीट फोडलं आणि एकेक सुकेळं आपल्या वाडीतल्या सुक्या पानात बांधायला बसली. हात थरथरत होते. गाठ बसत नव्हती, तिथे केतकी बोट धरत होती. "पान तरी घरचं हाय," आत्या म्हणाली. केतकी रडली. सासरी जायचं म्हणून ती रडतेय असं मी समजलो, पण ती माझ्याकडे रागाने बघत होती.

पावसाळ्यानंतर आत्या विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला अजून ओळखते. यंदा राजेळीचा घड तयार झाला तसा मी कारखान्यात आठ दिवसांची रजा टाकली, वाडीत गेलो आणि स्वतःच पाट मांडला.

"आत्या, शिकव."

तिचा चेहरा उजळला. तिने माझा अंगठा धरून केळ्याच्या देठापाशी ठेवला. "इथं दाब. एवढं मऊ लागलं की सोलायचं. आधी नाय, मागून नाय." मग सोलणं, मग चटईवर मांडणं, दोन केळ्यांत बोटभर जागा. सगळं सावकाश, एकही तपशील न वगळता. "उद्या ये," ती म्हणाली. "उद्या दुसरा दिवस."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिने माझा अंगठा धरून देठापाशी ठेवला. "इथं दाब," म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशीही. मी एकदा विचारलं, "आत्या, यापुढे काय करायचं?" ती गोंधळली, तिचे डोळे भरून आले. परत विचारलं नाही. चॅटबॉटला विचारलं तर तो दुसऱ्यापासून आठव्या दिवसापर्यंत सगळं क्षणात सांगेल, आणि बरोबरही सांगेल कदाचित. पण आत्याच्या बोटाला काय कळायचं, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. ते मला ती सांगणार होती.

रजा संपली, तरी मी दर रविवारी जातो. पाट मांडतो, अंगठा पुढे करतो. गेल्या रविवारी तिने मला विचारलं, "आधी कधी केलंयस का रे, बाळू?"

"नाही, आत्या," मी म्हणालो. "मी अगदी ढ आहे."