घमेल्याने उजेड मोजणारा

आमच्या मेहुण्याइतका दिव्यांचा वैरी अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत झाला नाही आणि होणार नाही. संताप याचा, की हा माणूस पोटासाठी वीजच तयार करायचा. हलवायानेच गिऱ्हाइकाचा हात धरून जिलबी खाऊ नको म्हणावं, तसला प्रकार. मी चौथी शिकलेला माणूस. आंबिवलीला गिरणीत तीस वर्षं सूत रंगवलं, कागदावर रंगकाम कधी केलं नाही. बायको गेल्याला सव्वा वर्ष झालं. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलोय, आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो तर पेन सारखं तिच्या भावाकडे वळतंय. जिवंत होती तेव्हाही असंच व्हायचं. भाजी मी आणायची आणि पहिली वाटी तिच्या दादूसला.

खाडीकाठच्या वीजघरात तो बॉयलरवर होता. आम्ही सगळे त्याला पावरहाऊस म्हणायचो. रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा यायचा, हा तो आगीला खिलवायचा, आगीची वाफ, वाफेचं चाक, चाकाची वीज. लग्न केलं नाही. ठाकुर्लीला आमच्याच चाळीत शेजारची खोली घेतली आणि जेवायला आमच्याकडे. इतकी वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्याच्या डोळ्यांना उजेड दिसायचाच बंद झालेला. त्याला फक्त कोळसा दिसायचा. शंभराचा बल्ब रात्रभर जळला की त्याच्या लेखी किलोभर कोळसा गेला. इस्त्री तासभर फिरवली की दोन ओंजळी. फ्रिज म्हणजे आठवड्याला घमेलं. आमच्याकडे फ्रिज आला त्या दिवशी शेजारपाजारचे पेढे मागत होते आणि हा दार उघडून आतल्या दिव्याकडे बघत म्हणाला, "हा कशाला जळतोय? बर्फाला अंधाराची भीती वाटते का?" दार लावलं की दिवा विझतो हे त्याला पटेना. तीन दिवस तो अवचित दार उघडून दिव्याला पकडायला बघत होता.

कुणाच्याही घरी गेला की चप्पल काढायच्या आधी बटण बंद करायचा. माझ्या पुतणीच्या हळदीला मांडवात माळा लावलेल्या, बायका नाचत होत्या, आणि एकाएकी मांडवाचा अर्धा भाग काळा. हा बाजूला उभा, हात झटकत. म्हणे नाचणाऱ्या सगळ्या या बाजूला आहेत, तिकडे कुणासाठी जाळायचं? नवरामुलगा तिकडे बसला होता. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. माझ्या बायकोने मात्र पदर तोंडात कोंबून हसू दाबलं, आणि माझा राग त्याच्यावरचा तिच्यावर गेला. एका नवरात्रात तिला देवी बघायची होती म्हणून टेंभी नाक्याला गेलो. एवढी रोषणाई, माणसं माना वर करून बघतायत, आणि हा आमच्या मागे पुटपुटत, सात घमेली, आठ घमेली, ही कमान म्हणजे वाघिणीचा कोपरा. देवीसमोर पोचलो तेव्हा बायको हात जोडून म्हणाली, "आई, याला थोडा वेळ आंधळा कर." त्यानेही हात जोडले. काय मागितलं विचारलं तर म्हणे ओला कोळसा नको, एवढंच.

बरं, सगळी वीज त्याला सारखी नव्हती. घाटातल्या धरणावर पाण्याने वीज होते, तिचा तो मत्सर करायचा. पाणी वरून खाली पडणारच, त्यात कुणी काय केलं, त्या विजेला घाम नाही, असं म्हणायचा. पंख्याखाली बसलं की बोट वर करून सांगायचा, आज वारा गार आहे, आज पाण्याची आलीय. उन्हाळ्यात वारा गरम लागला की छाती फुगवून म्हणायचा, ही आमची. अणूची वीज निघालीय असं कुणी बोललं, तर विचारलंन, त्याची राख कुठे टाकतात? सांगणाऱ्याला सांगता येईना. तेवढा एकच प्रश्न त्याने आयुष्यात शहाणपणाचा विचारला, आणि तोही स्वतःला सोडून दुसऱ्याला.

कारण राख. आता मला बोलायचंय. पावरहाऊसची वीज आमच्या चाळीत येतच नव्हती. ती कुठे लांब जायची. आमची वीज दुसऱ्या तारेने दुसरीकडून यायची, आणि आम्ही तारेच्या अगदी शेवटी, म्हणजे पुढच्यांची चूळ भरून झाल्यावर उरेल ते आम्हाला. आमच्या वाट्याला आली ती राख. वाळत घातलेल्या धोतरावर राख, पापडावर राख, चाळीतल्या पोरांच्या टाळूवर राख. हे मी त्याला तोंडावर बोललो तर म्हणाला, "भावजी, तारा शेवटी सगळ्या एकमेकींना मिळतात." मिळत असतील. राखेला कोण मिळायला येतं? वीज ज्याला हवी त्याच्या दारात बांधा की चिमणी. पण नाही. चिमणी बांधायची ती आमच्यासारख्यांच्या डोक्यावर, कारण आमची लाज कुणाला वाटत नाही. माझे सासरे खाडीत जाळं टाकायचे. पावरहाऊसचं कढत पाणी खाडीत सुटायचं तिथे आधी चिखलातल्या निवट्या गेल्या, मग बोईटं मासळी पातळ झाली. म्हातारा होडीत बसून चिमणीकडे बघायचा आणि थुंकायचा. त्याच चिमणीखाली पोरगा कामाला लागला. काय करणार? जाळ्यात काही येत नव्हतं आणि चिमणीखाली दरमहा पगार येत होता.

ऐंशीनंतरच्या सालांत सरकारी सवलतीत सौरचूल मिळायची. पत्र्याची पेटी, वर काच आणि झाकणाला आरसा. बायकोने हौसेने आणली आणि चाळीच्या गच्चीवर ठेवली. सकाळी डाळ लावली, दुपारी बघते तर डाळ जशीच्या तशी, आणि आरशावर बोटभर राख. मेहुणा पाळी संपवून आलेला. त्याने त्या राखेवर बोटाने रेघ ओढली आणि असा खूश झाला जसं काही याच्याच नावाची पाटी लागलीय. "बघ बाय," बहिणीला म्हणाला, "सूर्याला पण आमची परवानगी लागते." मला वाटलं ती पेटी त्याच्या डोक्यात घालावी. दुसऱ्या दिवशी मात्र कामावर जायच्या आधी हा गच्चीवर, लुंगीच्या टोकाने आरसा पुसतोय. मग रोज. भट्टीला कोळसा खिलवायला जायच्या आधी सूर्याचा आरसा पुसायचा. डाळ शिजायला लागली. राखेची चव येते म्हणून मी खात नव्हतो. तो दोनदा वाढून घ्यायचा.

मग एक दिवस सांगितलं, पावरहाऊस बंद. बॉयलर जुने झाले, एका युनिटला कोळसा फार खातात, दुसरीकडून वीज विकत घेतलेली स्वस्त पडते. साहेबाने सगळ्यांना उभं करून समजावलं. मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं का बोलू. मी म्हटलं इतकी वर्षं आमच्या छातीत राख कोंबली तेव्हा महाग पडत नव्हतं का? ते कुठल्या वहीत धरलं होतं? त्या वर्षीची खंडेनवमी आली. कामगार माणूस त्या दिवशी आपलं हत्यार पुजतो. हा दरवर्षी बॉयलरच्या दाराला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. आता बॉयलर कुठला? सकाळी मी दार उघडतो तर चाळीच्या जिन्याखाली हा आंघोळ करून उघडाबंब उभा, आणि चाळीच्या झाडून सगळ्या मीटरांना झेंडूच्या माळा. काचेवर हळदकुंकवाची बोटं अशी ठसठशीत, की आतलं चक्र दिसेना. दोन दिवसांनी मीटर वाचणारा आला आणि चाळीवर भडकला. काच झाकलीत, चोरी करता, रिपोर्ट करतो. मेहुणा मध्ये पडला, "साहेब, देवाची काच ओल्या फडक्याने पुसायची, नख नाय लावायचं." पुढच्या महिन्यात सगळ्या चाळीला अंदाजाने बिल आलं आणि बायका मला बोलल्या. मलाच. मेहुणा कुणाचा?

बायकोला दम लागायला लागला तो त्यानंतर. आधी जिन्यावर, मग चार पावलांवर, मग नुसतं बसल्या जागी. मोठ्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि विचारलं, धुराच्या कामावर होत्या का? मी म्हटलं, कामावर तिचा भाऊ होता. घरी येऊन मी त्याला धरला. चाळ ऐकत होती. मी म्हटलं, "तुझ्या चिमणीने खाल्लं माझ्या बायकोला. मोज आता घमेल्यात." तो भिंतीला टेकून उभा राहिला. ती खाटेवरून, एकेका शब्दाला थांबत, मला बोलली, "त्याच चिमणीवर माझं लग्न लागलं. तुम्ही जेवलात त्या मांडवात." नंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्या हातात बोलायला दिवस फार नव्हते. तो राग मी अजून गिळलेला नाही. कुणावरचा आहे तेच कळत नाही.

डॉक्टरने वाफेचं मशीन दिलं. औषध घालायचं, बटण दाबायचं, नाकाला मुसकं लावून ओढायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी सातला एकदा. सकाळी चालायचं. संध्याकाळी सात वाजता तारेच्या शेवटच्या टोकाला कसली वीज? पुढे सगळे टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या सुरू. आमचा बल्ब पिकल्या केळ्यासारखा पिवळा, आणि मशीन घुर्र करून गप्प. स्टॅबिलायझर आणला, तोही कण्हायला लागला. ती मुसकं धरून बसलेली, डोळे माझ्याकडे. वीज ऑफिसात तीनदा गेलेलो. पाहू म्हणाले.

चौथ्या दिवशी सातला पाच कमी असताना मेहुणा आला, बल्बाकडे बघितलं आणि बाहेर गेला. शेजारच्या दारात उभा राहून म्हणाला, बायला मशीन लावायचंय, पंधरा मिनिटं सगळं बंद करा. मग पुढच्या दारात, मग वरच्या मजल्यावर. बारा खोल्या. ज्यांच्या हळदीकुंकवात, बारशात, सत्यनारायणात याने दिवे बंद करून शिव्या खाल्ल्या होत्या, तीच ही माणसं. मला वाटलं आता याला धक्के मारून हाकलतील. मालिका रंगात आलेली. पण एकेक टीव्ही बंद होत गेला. शेवटच्या खोलीतली म्हातारी तर म्हणाली म्हणे, "मेल्या, जन्मात पहिल्यांदा कारण सांगून बंद केलंस." आणि आमचा बल्ब चढत गेला. पिवळा, मग पांढरट, मग पांढरा. मशीन खडखडलं आणि चालू झालं. तिने ओढून घेतलेला पहिला श्वास मी ऐकला. दाराशी हा उभा, बल्बाकडे बघत, भट्टीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत असेल तसा.

सात महिने रोज. पुढे पुढे त्याला दारोदार जावंही लागेना. घड्याळात सात वाजले की चाळ आपोआप काळी व्हायची, पोरं दाराच्या उंबऱ्यावर बसून पाढे म्हणायची, आणि सव्वासातला हा गॅलरीत येऊन टाळी वाजवायचा की सगळं पुन्हा सुरू. मी त्याचे आभार मानले नाहीत. राख त्याने टाकली होती, थोडी त्याने झाडली, असं मी मनात म्हणायचो. ती म्हणायची, माझ्यासाठी दादूस बारा घरांची वीज ओढून आणतो. ते ऐकून तो लाजायचा.

सकाळच्या पाळीला ती गेली. म्हणजे सकाळी. त्याची बोली लागलीय माझ्या तोंडाला.

दहाव्याचं खाडीवर उरकून आलो त्या संध्याकाळी आम्ही दोघे खोलीत बसलेलो. मशीनवर तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलेला. सात वाजले. गेले नऊ दिवस सुतकाच्या येण्याजाण्यात कुणाचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. त्या दिवशी घर शांत झालेलं, आणि हात सवयीने बटणाकडे गेले असतील. शेजारचा टीव्ही बंद झाला. मग पलीकडचा. मग वर. सगळी चाळ अंधारात गेली, आणि आमचा एक बल्ब चढत चढत पांढराशुभ्र झाला. त्या उजेडात खाट दिसत होती, उशी दिसत होती, उशीवरचा तेलाचा डाग दिसत होता. एवढं स्वच्छ दिसायला नको होतं.

मेहुणा बल्बाकडे बघत राहिला. मग उठला. मला वाटलं, बटण बंद करतोय. तो बाहेर गेला. भिंतीपलीकडे शेजारणीचा आवाज आला, झालं का ताईचं? आणि तिचं तिलाच कळून ती गप्प झाली.

"झालं," तो म्हणाला. "लावा आता. सगळं लावा."

'लावा' हा शब्द त्याच्या तोंडून मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. पुढच्या दारात तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी आत बसून बल्बाकडे बघत होतो. तो थोडा उतरला. मग आणखी थोडा. जसजसा तो पिवळा होत गेला, तसतसं मला कळत गेलं, मेहुणा कुठल्या दारापर्यंत पोचलाय ते.