घड्याळजींचे मूग

निम्मी भांडी घासून झाली होती, तेवढ्यात सासऱ्यांनी हाक मारली. "सूनबाई, नळ बंद कर जरा. मला ऐकायचंय."

बुधवारची सकाळ. ओट्यावर नणंदेने पाठवलेलं मोड आणायचं यंत्र होतं. यंत्र कसलं, एकावर एक ठेवलेले प्लास्टिकचे तीन ट्रे आणि खाली पाणी साठायला चौथा. वर पेलाभर पाणी ओतायचं, ते बारीक भोकांतून झिरपत तिन्ही मजल्यांवरचे मूग ओले करतं. सासरे त्याला कान लावून ओणवे झाले होते. "फार सावकाश उतरतंय. कुठेतरी अडकतंय."

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. जिन्याखालचं दुकान, इतकं अरुंद की ते आत बसले की गिऱ्हाइकाने रस्त्यावरच उभं राहायचं. कुणी घाई केली की म्हणायचे, "नवं घ्या, समोरच मिळतं." आणि चूक? ती कधी त्यांची नसायचीच. घड्याळ परत आलं, म्हणजे गिऱ्हाइकाने ते पाण्यात बुडवलं असणार.

मागच्या वर्षी हात कापायला लागले. एका स्क्रूपायी तीनदा चिमटा पडला, त्या दिवशी कुलूप लावून घरी आले. तेव्हापासून खुर्ची आणि खिडकी. जेवण चिमणीएवढं.

नणंदेच्या जिवाला घोर. सोमवारी फोनवर म्हणाली, "बाबा, रविवारी न्यायला येते. बॅग भरून ठेवा. नुसते बसून वाळून चाललात तिथे."

"बसलोय कुठे? ये रविवारी, बोटभर मोड दाखवतो," सासऱ्यांनी छातीठोक सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तिच्याकडे सगळं छान आहे गं. पण पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. मला तिकडे नाही जायचं."

पण जे हळू चालतं ते बिघडलेलं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. बुधवारी दुपारी हत्यारांचा डबा काढून त्यांनी बारीक कानशीने तिन्ही ट्रेंची भोकं मोठी केली. ओट्यावर प्लास्टिकचा कीस पडलेला मी पाहिला. पाणी हळूच उतरायला हवं, हे सोबतच्या कागदावर मी वाचलं होतं. तरी बोलले नाही. ते गुणगुणत होते, आणि हात मुळीच कापत नव्हता. माहीत असून मी त्यांना थांबवलं नाही, हे देवापुढे बसून कबूल केलंय, माझ्या या वहीतही लिहून ठेवते.

पाणी भसकन खाली गेलं. "आता कसं!" ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मूग सुरकुतले होते. मोड जेमतेम फुटून टोकाला तपकिरी पडलेले. डोळ्याला भिंग लावून सासऱ्यांनी एकेक ट्रे तपासला. चहा तसाच निवला. मग म्हणाले, "माझी बॅग कुठे ठेवली आहेस?"

मी सुरकुतलेले मूग ताटलीत काढले. म्हटलं, "बाबा, मी मूग फडक्यात बांधते ना, तेव्हा ओल फडकंच धरून ठेवतं."

"तुझ्या फडक्याला वास येतो."

"येतो. पण मोडही येतात."

त्यांनी एक ट्रे उजेडाकडे धरला. मग धुतलेलं मलमलचं फडकं मागून घेतलं, त्याच्या दोऱ्याएवढ्या चिंध्या कापल्या आणि चिमट्याने एकेका भोकात बसवायला घेतल्या. चिमटा कितीदा तरी पडला. मी पाठ फिरवून उगाच डबे पुसत राहिले. तासाभराने पाणी पुन्हा थेंबथेंब उतरू लागलं. दुपारी नवे मूग भिजवले, रात्रीच्या जेवणाआधी ट्रेत पसरले.

रविवारी नणंद आली ती चपला काढता काढताच, "बॅग भरली का, बाबा?"

"नाही. दोन वाजता पाणी घालायचंय."

"वहिनी घालेल की."

"तिला चिंध्या बसवता येत नाहीत."

तिने यंत्राचं झाकण उचललं. "हे? बोटभर म्हणाला होतात. हे तर उंदराच्या शेपटीएवढेही नाहीत!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासरेच म्हणाले, "भोकं मी मोठी केली. पहिले सगळे वाळले. चूक माझी."

नणंद खुर्चीत टेकली. बापाच्या तोंडून हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला असावा. बोटाने मूग सारून तिने भोकांतल्या चिंध्या चाचपल्या. मग हळूच विचारलं, "बाबा, खरंच यायचं नाही तुम्हाला?"

"येईन की. चार दिवस पाहुणा म्हणून येईन. राहायला नाही."

"हट्टी आहात."

"तू कुणावर गेलीस मग?"

ती हसली, डोळे पुसले आणि आखूड मोडांचे मूग मूठभर तोंडात टाकले. उरलेल्या मुगांची मी उसळ केली; जेवून चारच्या सुमारास ती एकटीच परत गेली. जाताना मला दरडावून गेली, "वहिनी, रोज फोन करायचा."

ट्रे धुऊन वाळत टाकलेत. सासरे पिशवी घेऊन वाण्याकडे अर्धा किलो मूग आणायला निघालेत.